२ जीबीची भिंत आली कुठून?

आजची गोष्ट एका आकड्याची: २,१४,७४,८३,६४७. जुन्या ३२ बिटांच्या लिनक्स सर्व्हरवर एखादी लॉग फाइल बरोबर इतक्या बाइटवर थांबलेली दिसली, तर डिस्कला दोष देऊ नका. डिस्कवर जागा असते. संपलेला असतो तो आकडा.

आता आकडा कसा काय संपतो? फाइलमध्ये आपण कितव्या बाइटवर आहोत, हे सिस्टम एका आकड्यात लक्षात ठेवते. त्याला म्हणतात ऑफसेट. १९७०च्या दशकात बेल लॅब्समधलं युनिक्स पीडीपी-११ या १६ बिटांच्या मशीनवर चालायचं. १६ बिटांत ६५,५३५च्या पुढे मोजताच येत नाही. म्हणून १९७९च्या सातव्या आवृत्तीत ‘एलसीक’ हा कॉल आला. त्यातला ‘एल’ म्हणजे ‘लाँग’, ३२ बिटांचा आकडा. त्या मशीनची आरके०५ डिस्क अडीच एमबीची होती. तिच्यापुढे ३२ बिट म्हणजे चैनच!

पण त्यातला एक बिट गेला चिन्हासाठी. फाइलमध्ये मागे जायचं तर ऑफसेट उणे, आणि काही बिघडलं तर उत्तर उणे एक. उरले ३१ बिट. हीच ती २ जीबीची भिंत.

१९९०च्या दशकात डेटाबेस आणि बॅकअप या भिंतीवर आपटायला लागले. मग कंपन्या ‘लार्ज फाइल समिट’मध्ये एकत्र बसल्या आणि १९९६मध्ये ६४ बिटांच्या ऑफसेटचा मसुदा ठरला. लिनक्समध्ये तो जानेवारी २००१च्या २.४ कर्नलबरोबर रुळला. पण नुसता कर्नल बदलून भागेना. ३२ बिटांचा प्रत्येक प्रोग्राम नव्याने कंपाइल करायला हवा होता. अपाचे वेब सर्व्हरने ही सोय दिली ती थेट डिसेंबर २००५मध्ये, २.२ आवृत्तीत. तोवर कर्नलला ४.७ जीबीची डीव्हीडी इमेज झेपायची, अपाचेला नाही.

आमच्या पिढीला ६४ बिट आयते मिळाले. तरी भिंती गेल्या नाहीत, फक्त जागा बदलली. म्हणून मोठी फाइल अडली, की मी आधी बघते ती नेमकी कितीवर अडली. १ एमबी? एनजिन्क्सची मूळ अपलोड मर्यादा. २ एमबी? पीएचपीची. ४ जीबी? बहुतेक फॅट३२चा पेनड्राइव्ह. यातलं काहीच नसेल, तर यूलिमिट तपासा; ती मर्यादा कुणीतरी मुद्दाम घातलेली असू शकते. सेटिंग वाढवण्याआधी अडवतंय कोण, ते कळलं पाहिजे. नाहीतर तुम्ही एनजिन्क्स उघडता आणि फाइल पीएचपीपाशी अडते.

आणि मंडळी, हा आकडा अजून रिटायर झालेला नाही. १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजणारी ३२ बिटांची घड्याळं याच आकड्यावर, १९ जानेवारी २०३८ला संपणार. २०२१च्या जीलिबसी २.३४ने ३२ बिटांच्या प्रोग्रामना ६४ बिटांची वेळ दिली, पण एका अटीवर: फाइलचा ऑफसेटही ६४ बिटांचाच हवा. म्हणजे ज्यांनी फाइलची भिंत अजून पाडलेली नाही, त्यांना वेळेचीही पाडता येणार नाही. तुमच्या ऑफिसात एखादा जुना ३२ बिटांचा डबा कोपऱ्यात चालू असेल, तर या आठवड्यात त्याची चौकशी कराच.