रात्झ मास्तर

आपण रोज ज्या कॉम्प्युटरवर कोड बडवतो, त्याच्या रचनेला फॉन नॉयमन आर्किटेक्चर म्हणतात, हे इंजिनिअरिंगला सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पण हा नॉयमन शाळेत कुठे होता? बुडापेस्टच्या फाशोरी शाळेत!

शाळा लुथरन ख्रिस्ती, लॅटिन सक्तीचं. पण ज्यू मुलांनाही प्रवेश, नॉयमन त्यातलाच. गणिताला लास्लो रात्झ मास्तर. १८९६ ते १९१४ त्यांनी शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक चालवलं. त्यात गणितं यायची, मुलांनी ती सोडवून पाठवायची.

नॉयमन वर्गात आला आणि रात्झनी ओळखलं, हे पोरगं शाळेच्या गणितात मावणारं नाही. ते सरळ त्याच्या वडिलांशी बोलले आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडे त्याची शिकवणी लावून दिली. एक वर्ष पुढे असलेल्या युजीन विग्नरला त्यांनी पुस्तकं वाचायला दिली. विग्नरला १९६३ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्याच्या ऑफिसात रात्झचा फोटो असे!

'जास्त शहाणपणा नको' म्हणून खाली बसवणारे सर मला भेटलेत, तुम्हालाही भेटले असतील. पण टीममध्ये आपल्यापेक्षा हुशार ज्युनियर आला की आपण काय करतो हो?