दवाखान्याचे दार आणि बोलण्याचा हक्क

पिंपळनेरसारख्या गावात कोण कोणत्या दवाखान्याची पायरी चढले, ही बातमी पांझरेच्या पाण्याआधी धुळ्याला पोहोचते. आपण हे हसण्यावारी नेतो. पण गर्भपातासाठी डॉक्टरांकडे निघालेल्या बाईला मात्र हसू येत नाही. तिच्या वाटेत उभे राहून तिला उपदेश करण्याचा हक्क इतरांना आहे काय?

परदेशांत या प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा दवाखान्यांच्या दाराभोवती 35 फुटांची हद्द आखली होती. 2014 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे बोलणाऱ्यालाही ती दूर लोटते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. इंग्लंड व वेल्समध्ये मात्र 31 ऑक्टोबर 2024 पासून दवाखान्यापासून 150 मीटरांच्या आत बाईला अडवणे किंवा तिच्या निर्णयावर दडपण आणणे हा गुन्हा ठरला.

आपल्याकडे गोष्ट उलट्या बाजूने घडली. इथे दवाखाना चालवणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. गर्भपाताची पाळीच येऊ नये, म्हणून आधीच उपाय सांगावा, हे त्यांचे काम. 1927 साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उत्तरे दिली, म्हणून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लोक प्रामाणिकपणे प्रश्न विचारतात, तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा त्यांचा सवाल होता. तरीही कर्व्यांना दंड झालाच.

पुढे 1950 साली संविधान अमलात आले. भाषणस्वातंत्र्य मिळाले आणि त्यावर बंधनांची मुभाही राहिली. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या तंट्यातून आलेल्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली जमावबंदीचे कलम 144 वैध ठरवले. म्हणजे जागेपुरते बंधन आपल्याला नवे नाही. 1971 च्या कायद्याने ठराविक अटींवर गर्भपाताला मान्यता दिली, आणि 2021 च्या दुरुस्तीने बाईचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली.

मग तारतम्य कसे ठरवायचे? कर्व्यांचे मासिक ज्याला नको होते, त्याने ते मिटून ठेवावे. त्यासाठी खटल्याची गरज नव्हती. दवाखान्याच्या दाराशी गाठलेल्या बाईला तशी सोय नसते. तिला त्याच दारातून आत जायचे असते. गर्भपाताविरुद्ध बोलायचे असेल त्याने सभेत बोलावे, वर्तमानपत्रात लिहावे. त्याचे तोंड कोणी धरू नये. पण एकट्या बाईची वाट अडवून बोललेले शब्द म्हणजे मत नव्हे, धाक आहे. आपल्या गावात असा जमाव दाराशी उभा राहत नाही. तो ओट्यावर बसून कुजबुजतो, आणि ओट्याला कायद्याची हद्द आखता येत नाही. ती आपली आपणच आखायची असते.