फ्रेशमन फिफ्टीन

अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याचे वजन १५ पौंडांनी, म्हणजे सुमारे ६.८ किलोंनी वाढते, अशी तेथे रूढ असलेली समजूत. ‘सेव्हन्टीन’ या किशोरवयीन मुलींच्या मासिकाने १९८९ मध्ये हा आकडा मुखपृष्ठावर छापला आणि तो सर्वतोमुखी झाला.

वजन वाढते हे खरे. मात्र आकडा फुगवलेला आहे. साडेपाच हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी केलेल्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी वाढ १.३६ किलो निघाली. सुमारे ६१ टक्के विद्यार्थ्यांचे वजन वाढले होते आणि त्यांची सरासरी वाढ ३.४ किलोंच्या आसपास होती. पंधरा पौंडांची मजल दहांतल्या एकानेही गाठली नव्हती.

कारणांमध्ये पहिला मान जेवणघराचा. घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाचे सत्राचे जेवणाचे पैसे बहुधा आधीच भरलेले असतात. दारात कार्ड दाखवायचे, आत पिझ्झा, पास्ता, तळलेले बटाटे, आइस्क्रीम असे सगळे मांडलेले. हवे तितके, हवे तितक्यांदा घ्या. घरी ताटात किती वाढायचे हे कोणीतरी पाहत असते, इथे ते पाहणारे कोणी नाही. कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड लेव्हित्स्की आणि सहकाऱ्यांनी ६० विद्यार्थ्यांचे सत्राच्या सुरुवातीला आणि १२ आठवड्यांनी वजन घेतले (२००४). सरासरी १.९ किलोंची भर पडली होती, आणि विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांतील फरकाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा जेवणघरांतील जेवणाशी जोडता आला. रात्रीचे अरबट-चरबट खाणे हेही त्या अभ्यासात ठळकपणे पुढे आले. मार्केट विद्यापीठातील एका अभ्यासात (२०११) ज्या वसतिगृहांच्या इमारतीतच जेवणघर होते, तिथल्या मुलींचे वजन अधिक वाढल्याचे दिसले.

मद्यपान हे दुसरे कारण. कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत दारू विकत घेता येत नाही, तरी पहिल्या वर्षाच्या पार्ट्यांत ती सर्रास असते. ३५५ मिलिलिटरच्या एका बिअरमधून सुमारे १५० कॅलरी मिळतात. शिवाय पिण्यामागून खाणे येतेच. अपुरी झोप, परीक्षेचा ताण, शाळेतला रोजचा खेळ सुटणे हीही कारणे सांगितली जातात. पण या वयात शरीर अजून भरत असते, हे विसरून चालणार नाही. जे. झॅगोर्स्की व पी. स्मिथ यांनी २०११ मध्ये ७,४१८ तरुणांच्या राष्ट्रीय पाहणीचा अभ्यास केला, तेव्हा महाविद्यालयात न गेलेल्या समवयस्कांपेक्षा विद्यार्थ्यांची वाढ जेमतेम अर्ध्या पौंडाने जास्त भरली.

खोलीतल्या सोबतिणीचाही परिणाम होतो, पण वाटतो त्याच्या उलट. मार्केट विद्यापीठातच चिठ्ठ्या टाकाव्यात तशा खोल्या वाटून दिलेल्या मुलींत, जिची सोबतीण वजनदार होती तिचे वजन कमी वाढले. वजनदार मुली आहार-व्यायामाकडे अधिक लक्ष देतात आणि ती सवय सोबतिणीलाही लागते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

या समजुतीचा जाच मुलींना अधिक होतो. अठराव्या वर्षी नव्या गावी आलेल्या मुलीला काट्याचे भय घालणे अन्यायाचे आहे. उपाशी राहण्याची आणि खाण्याच्या विकारांची वाट तिथूनच सुरू होऊ शकते. विद्यापीठांनी मुलींना बजावण्याऐवजी जेवणघरात काय मांडले जाते आणि रात्री उशिरा काय मिळते, याकडे आधी पाहायला हवे. प्रत्यक्षात वजन मुलांचेच अधिक वाढते, आणि तेही केवळ पहिल्या वर्षी नव्हे: झॅगोर्स्की-स्मिथ यांच्याच आकडेवारीत चार वर्षांचे शिक्षण संपेपर्यंतची सरासरी वाढ मुलींत ७ ते ९, तर मुलांत १२ ते १३ पौंड आहे. पदवीनंतर नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतही ती चालूच राहते.