मास्क आधी स्वतःला

२० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं बोइंग ७३७ अर्ध्या वाटेतून मुंबईला परतलं. १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांना त्रास झाला होता. कुणाचे कान ठणकत होते, तर कुणाच्या नाका-कानांतून रक्त आलं होतं. इंजिनाची हवा केबिनकडे सोडणारा ‘ब्लीड’ स्विच उड्डाणाच्या वेळी चालू करायचा राहून गेला, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सांगितलं.

पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या चौथाईच्याही खाली असतो. म्हणून इंजिनात दाबली गेलेली थोडी हवा काढून, थंड करून केबिनमध्ये सतत भरतात आणि मागच्या बाजूच्या झडपेतून मोजून बाहेर सोडतात. आत साधारण आठ हजार फुटांवरची हवा राहते, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवरची. हा समतोल ढळला, तर ७३७ मध्ये केबिनची हवा दहा हजार फुटांइतकी विरळ होताच भोंगा वाजतो आणि चौदा हजारांच्या सुमारास मास्क खाली पडतात.

या व्यवस्थेचं मूळ बलूनच्या टोपलीत आहे. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल बलूनमधून २९ हजार फुटांच्या वर गेले. ग्लेशर बेशुद्ध पडले. कॉक्सवेल यांचे हात गारठून निकामी झाले होते, तेव्हा त्यांनी झडपेची दोरी दातांत धरून ओढली आणि बलून खाली आणलं. तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १८७५ ला, ‘झेनिथ’ नावाच्या फ्रेंच बलूनमधून तिघे वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, पण गरज पडली तेव्हा नळी तोंडाशी न्यायला हातच उचलेना. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली मरण पावले, गास्ताँ तिसांदिए वाचले. आपल्याला त्रास होत नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं.

या सगळ्या इतिहासात मला तिसांदिए यांची ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. जीव गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. विरळ हवेत तो श्वासावाटे जात राहतो, त्यामुळे शरीर धोक्याची सूचनाच देत नाही. आधी बुद्धी मंदावते, आणि ती मंदावल्याचं ज्याचं त्याला कळत नाही.

पुढची पायरी स्विस शास्त्रज्ञ ऑगस्त पिकार यांची. बरोबर नळी नेण्यापेक्षा जमिनीवरची हवाच बंद गोळ्यात भरून न्यायची, असं त्यांनी ठरवलं. २७ मे १९३१ ला बलूनला टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यात बसून ते आणि पॉल किप्फर १५,७८१ मीटरवर पोचले. वाटेत गोळ्यातून हवा गळू लागली, तेव्हा त्यांनी व्हॅसलीन आणि तागाच्या धाग्यांनी भोक बुजवलं. प्रवाशांना दाबाच्या केबिनचं सुख मिळालं ते बोइंग ३०७ मुळे. ते १९४० मध्ये प्रवासी सेवेत आलं. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते साध्या पस मॉथमधून. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मात्र दाबाच्या केबिनचं कॉन्स्टेलेशन होतं.

दाब धरून ठेवायचा तर तो पत्र्याला सोसावा लागतो. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन ब्रिटिश प्रवासी विमानं हवेतच फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक सबंध कॉमेट पाण्याच्या टाकीत घालून दाब चढवत-उतरवत नेला, तेव्हा खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण साचून धातू थकतो हे दिसलं. हिंगोलीकरांना याची उलटी बाजू घराजवळ पाहायला मिळणार आहे. औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडिया प्रकल्पात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून जवळपास सगळी हवा काढून टाकायची आहे. तिथे नळीला बाहेरच्या हवेचा भार सोसायचा आहे.

यंत्र सुधारलं, तिसांदिए यांनी नोंदवलेला धोका तसाच राहिला. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस या विमान कंपनीच्या ७३७ मध्ये दाबाचा स्विच जमिनीवरच्या तपासणीनंतर ‘मॅन्युअल’वरच राहिला. भोंगा वाजला, पण उड्डाणाच्या तयारीतल्या चुकीसाठीही तोच आवाज असल्यामुळे वैमानिकांचा घोळ झाला आणि त्यातच त्यांची शुद्ध हरपली. विमान आपोआप उडत राहिलं आणि अखेर अथेन्सजवळ कोसळलं. १२१ जण गेले. आज वैमानिकांसाठी क्रम पक्का आहे: भोंगा वाजला की आधी मास्क, मग एकमेकांशी बोलणं, मग दाबाची तपासणी, दाब सावरत नसेल, तर वेगानं दहा हजार फुटांपर्यंत उतरणं. पस्तीस हजार फुटांवर शुद्धीत राहून काम करायला मिळतात अर्धा ते एक मिनिट.

आपल्या डोक्यावरच्या बहुतेक मास्कमागे ऑक्सिजनची टाकी नसते, तर सोडियम क्लोरेट भरलेला डबा असतो. मास्क ओढला की खीळ निघते, रसायन तापून ऑक्सिजन सुटतो, थोडा जळका वासही येतो. तो साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो. विमान खाली यायला तेवढा वेळ पुरे.

हिंगोलीला विमानतळ नाही, विमानासाठी नांदेड किंवा त्याहून दूर जावं लागतं. मुलांकडे निघालेले कितीतरी आई-वडील साठीत पहिल्यांदा विमानात बसतात आणि तिथली सूचना घाईगर्दीत इंग्रजी-हिंदीत होऊन जाते. ती त्यांना घरीच मराठीत सांगा: मास्क आपल्याकडे जोरात ओढायचा, नाक आणि तोंड दोन्ही झाकायची, पिशवी फुगली नाही तरी हवा येत असते, सीटचा पट्टा सोडायचा नाही. आणि शेजारी नातू बसला असला तरी मास्क आधी स्वतःला, लगेच त्याला.