मुरुडच्या धोंडूची वाट

आमच्या आंजर्ल्यात एखादं पोर चालायला कुरकुरलं की त्याला मुरुडच्या धोंडूची गोष्ट ऐकावी लागे. सांगणारं माणूस बदले, गोष्ट तीच. मुरुड काही आम्हांला परकं नव्हे. जोग खाडी तरीतून ओलांडायची, हर्णै बंदर मागं टाकायचं, की पुढं मुरुड. मुर्डी तर आम्हांला खेटूनच. मुरुडचे धोंडो केशव कर्वे आणि मुर्डीचे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ही दोन नावं आमच्याकडे भाऊबंदांची घ्यावीत तशी घेतली जात. महर्षी, भारतरत्न ही बिरुदं शाळेच्या पुस्तकात. ओटीवर मात्र ‘मुरुडचा धोंडू’.

गोष्ट अशी. साल १८७५. धोंडूला सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की मास्तरकी मिळे, कारकुनी मिळे, म्हणजे घरात दोन पैसे येत. पावसाळ्याचे दिवस, बोटी बंद. मग ही पोरं सोबतीनं साताऱ्याला पायी निघाली. शंभर मैलांच्या वर वाट, मध्ये आख्खा सह्याद्री, वर पाऊस. पोचली. परीक्षेला बसायला वय सतरा पुरं हवं. धोंडू हाडापेरानं लहानखुरा. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतराचा नव्हे म्हणून परत पाठवलं. पोर वयात बसत होतं, दिसण्यात बसलं नाही. आल्या पावली घरी. पुढं कोल्हापूरला जाऊन त्यानं तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

आजोबा गोष्ट इथं संपवत आणि म्हणत, “आणि तुला कड्यावरच्या गणपतीपर्यंत जायला होत नाही!” कड्यावरचा गणपती म्हणजे आमची रोजची तीर्थयात्रा. पाखाडीच्या पायऱ्या चढून जायचं, वर गेलं की खाली आगरं, पलीकडे खाडीचं तोंड आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. नवस फेडायला लांबलांबची माणसं अनवाणी चढत. आम्हां पोरांना त्यात काही विशेष वाटत नसे. कोकणात तेव्हा सगळेच चालत. चालणं हा गुण नव्हता, गरज होती.

हीच गोष्ट आमच्या आत्येआजीनं सांगितली की वेगळी लागे. आजोबांची ही थोरली बहीण. नवव्या की दहाव्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि ती माहेरी आली ती कायमची. लाल आलवण, बोडकं डोकं. मागच्या पडवीत पोत्यावर बसून ती सुपाऱ्या सोली. एक पाय दुमडलेला, एक लांब. अडकित्त्याचा आवाज आणि तिचं बोलणं एका ठेक्यात चाले. तळहाताला घट्टे होते. आगराला शिंपणं लावायचं, पन्हळी वळवायच्या, झावळ्या विणायच्या, शेण-गोठा, सगळं तिच्या अंगावर. ती धोंडू म्हणत नसे. अण्णा म्हणे. आणि तिची गोष्ट साताऱ्याला संपत नसे, तिथून सुरू होई.

“साताऱ्याहून परत आला, ते सगळे सांगतात,” ती म्हणे. “हिंगण्याला रोज चालत जायचा, ते कोण सांगतं?”

ते मी पुढं पुस्तकांतून वाचलं. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारल्या. दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी देवरुखच्या जोश्यांची विधवा मुलगी गोदूबाई हिच्याशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला ६ एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, आणि १९०० साली तिथं एक झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवायचं, संध्याकाळी लागेल ते सामान घेऊन चिखलाच्या वाटेनं हिंगण्याला चालत जायचं, रात्री मुलींच्या अभ्यासाचं, आश्रमाचं पाहायचं, सकाळी परत पुण्याला. साताऱ्याची वाट पोटासाठी होती, एकदाच तुडवली. हिंगण्याची वाट त्यांनी आपण होऊन धरली आणि वर्षानुवर्षं सोडली नाही. आत्येआजीला हा फरक बरोबर कळला होता.

पुढं ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरींबद्दल वाचायला मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही हिंगण्याची वाट. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमात मठवासीयांनी दिवसाचे ठरावीक तास हातांनी काम करायचं असं घालूनच दिलं आहे. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोलानं जेझुइट संघाची घटना लिहिली, तीत नव्या उमेदवाराच्या कसोट्या सांगितल्या. महिनाभर ध्यानसाधना. महिनाभर रुग्णालयात सेवा. महिनाभर पायी यात्रा, तीही खिशात पैसा न ठेवता, दारोदार मागून खात. शिवाय स्वयंपाकघरातली, झाडलोटीची, लोक ज्यांना हलकी म्हणतात ती कामं. पंडित व्हायला पुस्तकं पुरतात. दुसऱ्याच्या दारी उभं राहायची लाज जायला पाय झिजवावे लागतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

आपल्याच किनाऱ्यावर याचा दाखला आहे. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ, जन्म १६५१. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६८७ साली हे तिथं मजुराच्या वेषात उतरले आणि राहिलेलं आयुष्य त्या बेटावर पायपीट करत गोरगरिबांत काढलं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. मजुराचं सोंग घेणं सोपं नव्हे. हातांना कामाची सवय नसेल तर सोंग पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

पुण्यात टिळक-आगरकरांच्या पिढीला जेझुइटांची ही रीत माहीत होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पोटापुरतं घेऊन आयुष्य द्यायचं, ही कल्पना बोलताना जेझुइटांचं नाव उघड घेतलं जाई. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, त्यातही सभासदाला शपथ होती. कर्व्यांनी ४ नोव्हेंबर १९०८ रोजी निष्काम कर्ममठ स्थापन केला. नाव मठ, पण त्यात देव्हारा नाही, महंत नाही, भगवी वस्त्रं नाहीत. शपथ मात्र होती. आजपासून माझं आयुष्य मठाचं. मठाचं काम करताना स्वतःचा फायदा पाहणार नाही. मठ देईल तेवढ्यात घर चालवीन. साधेपणानं राहीन. दुसऱ्याच्या धर्ममताबद्दल उदार राहीन, कोणाचा द्वेष करणार नाही. साधारण अशा अर्थाची ती कलमं. सेमिनरीच्या दारावर शोभतील अशी. पण ती घेणाऱ्यांत बायका होत्या, त्याही विधवा. पार्वतीबाई आठवले, काशीबाई देवधर, वेणूबाई नामजोशी. ज्यांना घरच्या देवाचं सोवळंसुद्धा धड मिळत नसे, त्यांच्या हाती कर्व्यांनी मठ दिला.

यातल्या पार्वतीबाई गोदूबाईंच्या धाकट्या बहीण, आमच्याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या. वीस-एकवीस वर्षांच्या असताना वैधव्य आलं, पदरी मूल. आश्रमात येऊन शिकल्या, तिथला कारभार पाहिला, मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१२ साली केशवपन सोडलं. आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकलेली ही बाई इंग्रजी धड येत नसताना एकटी अमेरिकेला गेली. तिथं पोटासाठी लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं, भांडी घासली, सफाई केली, ते करता करता इंग्रजी शिकली, संस्था पाहिल्या, पैसे जमवले आणि परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं सांगितलं आहे, आणि त्यात कुठंही आपण मोठं काही केलं असा सूर नाही. लोयोलानं एका महिन्याची यात्रा सांगितली होती. या बाईची दोन वर्षांची झाली.

पार्वतीबाईंचं नाव आत्येआजीला ठाऊक होतं. वर्गणीसाठी फिरणाऱ्या बायांबद्दल तिच्या तरुणपणी घरात बोलणं होई, बहुतेक वेळा नाक मुरडून. एकदा सुपाऱ्या सोलता सोलता ती म्हणाली, “मला हिंगण्याला धाडायचं असं वडलांच्या मनात आलं होतं. आईला बोलून दाखवलं त्यांनी.”

“मग?”

“मग काय? मुरुडात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.”

मुरुडात काय झालं, ते आमच्या आजोबांच्या गोष्टीत नसे. १८९३ साली पुनर्विवाह करून कर्वे गावी आले, तेव्हा मुरुडकरांनी बैठक भरवून त्यांना वाळीत टाकलं. ज्या बैठकीला कर्वे असतील तिथं कोणी बसायचं नाही, घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. ज्या गावच्या उत्कर्षासाठी त्यांनी आधी मुरुड फंड काढला होता, त्याच गावानं हे केलं. आईला स्वतःच्या मुलाला घरात घेणं जड झालं. कर्वे गावाशी भांडले नाहीत, गावाला विसरलेही नाहीत. १९१५ साली छापलेल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे, आदळआपट न करता.

मुरुडची बातमी आंजर्ल्याला यायला काय वेळ? एक खाडी ओलांडली की आली. पुढची दहा-पंधरा वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक बापाच्या मनात ती बैठक बसून राहिली असणार. आमच्या पणजोबांच्याही. त्यांनी मुलीला हिंगण्याला धाडलं नाही. तिनं जन्मभर कष्ट केले, पार्वतीबाईंनी केले त्याहून कमी नाहीत. भावाचं आगर तिच्याच हातांवर उभं राहिलं. पण ते कष्ट कोणी तिला निवडू दिले नव्हते, म्हणून त्यांतून आगर वाढलं, बाईमाणूस मात्र अंगणाबाहेर पडलं नाही. श्रमानं माणूस घडतो हे अर्धंच खरं. आपण होऊन घेतलेल्या श्रमानं घडतो. सेमिनरीतला तरुण पैसा खिशातून काढून ठेवतो आणि निघतो. ज्याच्या खिशात मुळातच काही नाही त्याला कोणी यात्रेकरू म्हणत नाही. कर्व्यांचा मोठेपणा मला इथं दिसतो. गरिबीनं जे चालणं आणि राबणं त्यांच्या वाट्याला आलं, त्याची त्यांनी हिंगण्याला व्रत म्हणून पुन्हा निवड केली, आणि ज्यांना निवडीचा हक्कच नव्हता अशा बायकांना तो हक्क दिला.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हा माणूस खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापून पुन्हा वर्गणी मागत दारोदार फिरू लागला. १९५८ साली शंभरी भरली तेव्हा सरकारनं भारतरत्न दिलं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. तोवर मुरुडालाच काय, आख्ख्या दापोली तालुक्याला त्यांचा अभिमान वाटू लागला होता.

आता जोग खाडीवर पूल आहे, मुरुडच्या पुळणीवर शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, आणि धोंडूची गोष्ट शाळांतल्या भाषणांत ऐकू येते, साताऱ्यापर्यंतचीच. ती जरूर सांगा. पण तिथं थांबू नका. साताऱ्याच्या पुढं हिंगण्याची वाट सांगा, पार्वतीबाईंची अमेरिका सांगा, आणि १८९३ सालची मुरुडची बैठक तर अजिबात गाळू नका. त्या बैठकीनं कर्वे अडले नाहीत; पंचक्रोशीतल्या कितीतरी मुली अडल्या, आणि त्यांतली एक आमच्या घरात होती.