एका डीव्हीडीमागे चार सेंट

२ मे २०२३ रोजी हॉलिवूडचे पटकथालेखक संपावर गेले, तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी एक टाळीचं वाक्य टाकलं होतं. "एकदा पैसे घेतले ना? मग परत परत कशाला? मी चार वर्षांपूर्वी लिहिलेला कोड आजही रोज रात्री दोन वाजता चालतो. मला कोण देतं रॉयल्टी?" सगळे हसले. टेबलावर आम्ही सहा इंजिनिअर होतो आणि सहाही जण स्टुडिओच्या बाजूने.

हॉलिवूडमध्ये या वाक्याची जुनी आवृत्ती आहे: नळ सोडला की दर वेळी प्लंबर पैसे मागतो का? म्हणजे माझा विनोदही उसनाच होता.

त्या रविवारी तेच वाक्य मी ताईला ऐकवलं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, मालिकांचे संवाद लिहिते. लॅपटॉपमधून मान वर न काढता तिने विचारलं, "मागच्या वर्षी तुझा प्रोजेक्ट बंद पडला, तेव्हा दोन महिने तू नुसता बसून होतास. पगार थांबला होता का रे?" नव्हता थांबला. "माझी मालिका बंद पडली की त्या दिवसापासून पैसे बंद. लिहून झालेल्या भागांचे नव्वद दिवसांनी येतात, ते वेगळंच. आणि तुला कंपनीचे शेअर मिळतात ना?" मिळतात. मी गप्प बसलो आणि वाचायला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, अमेरिकेत स्टुडिओने नेमून लिहून घेतलेल्या पटकथेचा कॉपीराइट लेखकाकडे राहतच नाही. कायद्याच्या भाषेत तिचा 'लेखक' स्टुडिओच. ही मालकी सोडण्याच्या बदल्यात युनियनने जे मिळवलं त्याला तिथे 'रेसिड्युअल' म्हणतात. काम पुन्हा दाखवलं किंवा विकलं गेलं की त्यातला ठरलेला लहानसा वाटा. मी ज्याला 'परत परत पैसे' म्हणत होतो, तो खरं तर मूळ सौद्याचाच उरलेला हप्ता होता. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांसाठी तो मिळाला १९६०च्या संपात. (त्याच वर्षी नटांची युनियनही संपावर गेली. तिचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. हो, तेच.)

मग व्हिडिओ कॅसेट आली. स्टुडिओ म्हणाले, धंदा नवा आहे, कॅसेट बनवायला खर्च फार येतो, सध्या थोडक्यात भागवा. १९८५ साली युनियनने मान तुकवली. उत्पन्नातले ८० टक्के बाजूला काढायचे आणि उरलेल्या २० टक्क्यांवर लेखकाचा वाटा मोजायचा, असं ठरलं. पुढे डीव्हीडी आली. ती बनवायला कॅसेटच्या तुलनेत काहीच पैसे लागत नव्हते, पण सूत्र तेच राहिलं. एका डीव्हीडीमागे लेखकाला साधारण चार सेंट. लेखकांना आठ हवे होते.

२००७चा संप समजायला एवढी पार्श्वभूमी पुरे. तो ५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि शंभर दिवस चालला. आधीच्या संपांत प्रेक्षकाला काही म्हणायला जागाच नव्हती. १९८८ साली पाच महिने संप होता, तेव्हा लोकांनी जुने भाग बघितले आणि कंटाळले. २००७मध्ये मात्र यूट्यूब होतं. 'द ऑफिस'च्या लेखकांनी फुटपाथवर उभं राहून व्हिडिओ केला. वेबसाइटसाठी आम्ही छोटे भाग लिहिले, त्यांना एमी मिळाली, पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण कंपनीच्या मते त्या जाहिराती होत्या! चाहत्यांनी वर्गणी काढून स्टुडिओच्या बड्या साहेबांना पेन्सिलींची खोकी पाठवली. पेपरडाइन विद्यापीठाच्या पाहणीत ६३ टक्के लोक लेखकांच्या बाजूने निघाले, स्टुडिओंच्या बाजूने फक्त ४.

उरलेल्यांना काय वाटायचं, ते मात्र मला ओळखीचं वाटलं. स्टुडिओंच्या संघटनेने एक आकडा बाजारात सोडला होता: पूर्णवेळ काम असलेला लेखक सरासरी दोन लाख डॉलर कमावतो. मग हे कसले कामगार? लेखकांचं उत्तर होतं की, कुठल्याही वर्षी आमच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना कामच नसतं. मला आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातलं 'सरासरी पॅकेज' आठवलं. एकाला परदेशात नोकरी लागली होती आणि उरलेल्या वर्गाची सरासरी त्याच्या खांद्यावर उभी होती.

आणखी एक राग होता, तो मला आजही रास्त वाटतो. शूटिंग थांबलं की लाइटवाले, मेकअपवाले, ड्रायव्हर असे सगळेच घरी बसतात. भांडण त्यांचं नसतं, भाडं मात्र थकतं.

डीव्हीडीचे ते आठ सेंट मिळालेच नाहीत. ती मागणी लेखकांनी वाटाघाटीत आधीच सोडून दिली होती. इंटरनेटवरचा वाटा मात्र करारात आला. एवढ्यासाठी शंभर दिवस, असं म्हणून अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली. पण नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झालं होतं. लेखक ज्या दाराशी भांडत होते, ते लोकांना अजून दिसतही नव्हतं.

२०२३मध्ये मात्र सगळे त्याच दारातून आत-बाहेर करत होते. ऑगस्टमध्ये गॅलपने विचारलं, तेव्हा ७२ टक्के लोक लेखकांच्या बाजूने होते आणि १९ टक्के स्टुडिओंच्या. ही केवळ कलाप्रेमाची गोष्ट असावी असं मला वाटत नाही. यंत्र आपलं काम घेईल का, ही भीती तोवर प्रत्येक ऑफिसात पोचली होती. आमच्याही कॅन्टीनमध्ये मे महिन्यातले विनोद जुलैपर्यंत आटले. त्यात एका बड्या अधिकाऱ्याने नाव न सांगता पत्रकाराला सांगितलं की, लेखकांची घरं जायला लागेपर्यंत हे ताणायचं. लोक भडकले. सप्टेंबरमध्ये ड्रू बॅरीमोरने लेखकांशिवाय आपला शो सुरू करायची घोषणा केली आणि इतकी टीका झाली की काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली.

माझं मत फिरलं ते मात्र 'सूट्स'मुळे. २०११ची ही मालिका त्या उन्हाळ्यात नेटफ्लिक्सवर आली आणि अमेरिकेत एकेका आठवड्यात तीन अब्ज मिनिटांहून जास्त बघितली गेली. तिच्या एका लेखकाने जाहीर केलं की, पहिल्या सीझनच्या स्ट्रीमिंगचे तिमाहीचे पैसे सहा लेखकांत मिळून तीन हजार डॉलरही नव्हते. मी व्हिडिओ प्लेअरच्या लॉगवर काम करतो. कोणी कुठला भाग लावला, कुठे थांबवला, किती मिनिटं बघितला, हे सगळं ओळीओळीने साठवलेलं असतं. कॅसेटच्या वेळी 'धंदा किती होईल माहीत नाही' हे खरं तरी असेल. या वेळी आकडा होता, फक्त दाखवायचा नव्हता.

संप १४८ दिवसांनी मिटला. देशातल्या सदस्यांपैकी २० टक्क्यांइतक्यांनी पहिल्या नव्वद दिवसांत बघितलेल्या नव्या मालिकेला किंवा सिनेमाला बोनस, असं कलम आलं. बघितल्याचे आकडे युनियनला मिळतात, पण गुप्ततेच्या अटीवर.

आपल्याकडे 'जंजीर'च्या वेळी, १९७३मध्ये, सलीम-जावेद यांनी रंगारी पाठवून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली होती. जावेद अख्तर खासदार झाल्यावर २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती झाली, आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी लेखकाला करारात कायमची सोडून देता येणार नाही असं ठरलं. गीतकार-संगीतकारांकडे ती वसूल करायला आयपीआरएस आहे. ताईला मी या कायद्याबद्दल सांगितलं, तर म्हणाली, "माहितीये. करार वाचून दाखवू का तुला?"

परवा तिच्या बंद पडलेल्या मालिकेचा जुना भाग आई मोबाइलवर बघत होती. मध्येच झोप लागली, तरी भाग चालूच होता. मी तो तेरा मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबवला.