लिटल रॉकमधील ‘अर्कान्सास स्टेट प्रेस’

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीत लिटल रॉक हे नाव १९५७ या सालाशी कायमचे जोडले गेले आहे. सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश घेणारे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी, गव्हर्नर फॉबस यांनी त्यांच्या वाटेत उभे केलेले नॅशनल गार्डचे सैनिक आणि अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी धाडलेले केंद्रीय सैन्य, या घटनाक्रमात डेझी बेट्स यांचा उल्लेख विद्यार्थ्यांच्या पाठीराख्या म्हणून होतो. त्याआधीची सोळा वर्षे त्या एका वृत्तपत्राच्या भागीदार होत्या, ही बाब मात्र बहुधा तळटीपेत जाते. त्यांचे पती एल. सी. बेट्स यांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही.

एल. सी. मुरलेले पत्रकार होते. मध्यंतरी विमा विकून चरितार्थ चालवावा लागला, तरी स्वतःच्या पत्राची ओढ सुटली नव्हती. मे १९४१मध्ये या दांपत्याने ‘अर्कान्सास स्टेट प्रेस’ हे साप्ताहिक काढले. मार्च १९४२मध्ये नाइन्थ स्ट्रीटवर थॉमस फॉस्टर या कृष्णवर्णीय सार्जंटला एका गोऱ्या पोलिसाने गोळ्या घालून ठार केले. पत्राने हे प्रकरण लावून धरताच गोऱ्या व्यापाऱ्यांनी जाहिराती काढून घेतल्या. वर्षही न झालेले पत्र तेथेच संपायचे. ते तगले वाढत्या खपामुळे, म्हणजेच अल्प उत्पन्नाच्या वाचकांमुळे. नाइन्थ स्ट्रीटवर पुढे कृष्णवर्णीय पोलीस नेमले गेले, त्यामागे या पाठपुराव्याचा वाटा होता.

१९४६मध्ये तेलगिरणीच्या संपाच्या वार्तांकनावरून दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दहा दिवसांची कैद व दंड झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९५२मध्ये डेझी ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या राज्याध्यक्षा झाल्या. पत्र आणि संघटना यांतील सीमारेषा त्यानंतर जवळजवळ पुसली गेली. पत्राचे बळ त्यातच होते, आणि जोखीमही. १९५७नंतर जाहिरातींवरील बहिष्कार असा आवळला गेला, की या वेळी वाचकही पत्राला तारू शकले नाहीत. ऑक्टोबर १९५९मध्ये ते बंद पडले.

एल. सी. १९८०मध्ये निवर्तले. डेझींनी १९८४मध्ये पत्राचे पुनरुज्जीवन केले आणि तीन वर्षांनी ते विकले. १९९९मध्ये त्यांचे निधन झाले. मे २०२४मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात अर्कान्सासच्या वतीने त्यांचा पुतळा बसविण्यात आला. त्याच्या हाती वृत्तपत्र आहे.